तारेची आयात खरंच घटली, की फक्त रकाना बदलला?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) किंवा हालोलच्या बाजूला पोलादी तार म्हटलं की आर्मरिंगची, म्हणजे केबलभोवती कवच म्हणून गुंडाळायची जीआय (जस्त चढवलेली) तार आठवते, नाहीतर विजेच्या ॲल्युमिनियम कंडक्टरच्या गाभ्यातली. गाव केबलवाल्यांचं, त्यामुळे आयातीची चर्चा होतेच. पण ती बहुतेकदा सीमाशुल्काच्या सूचीतल्या ७२१७ या एकाच हेडिंगवर (मालाच्या प्रकाराच्या क्रमांकावर), म्हणजे साध्या, अमिश्र पोलादाच्या तारेवर अडते.

आजचे आकडे वाचताना आड येतो तो २०१० च्या आसपासचा बोरॉनचा काळ.

सीमाशुल्काच्या सूचीत ०.०००८ टक्के बोरॉन असलं की पोलाद मिश्र ठरतं. टनाला आठ ग्रॅम! चीनने साध्या वायर रॉडच्या (ज्या सळईतून तार ओढतात तिच्या) निर्यातीवरचा करपरतावा काढून घेतला होता, मिश्र पोलादावरचा मात्र चालू होता. मग रॉडमध्ये चिमूटभर बोरॉन पडू लागलं. गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून नव्हे, परताव्यासाठी. ७२१३ मधला रॉड त्यामुळे ७२२७ मध्ये गेला आणि त्यापासून ओढलेली तार ७२१७ ऐवजी ७२२९ मध्ये. साध्या मालाची आयात कागदावर उतरली, बंदरात उतरणारा माल तसाच.

याला लबाडी म्हणायचं का, यावर बराच वाद झाला. सूचीप्रमाणे माल खरोखरच मिश्र होता, कागद खोटे नव्हते. दोष आठ ग्रॅमवर रेघ ओढणाऱ्या नियमाचा जास्त, असं मला वाटतं. १ जानेवारी २०१५ पासून चीनने बोरॉनवाल्या मालाचा परतावा बंद केला, तर क्रोमियम पुढे आलं. त्याची रेघ ०.३ टक्क्यांवर. त्याच वर्षी अमेरिकेने आणि २०१७ मध्ये भारताने चिनी वायर रॉडवर डंपिंगविरोधी शुल्क लावलं, तेव्हा मिश्र मालही व्याख्येत ओढून घेतला.

पण रॉडवर शुल्क लागलं की झळ तार ओढणाऱ्याला बसते. त्याचा कच्चा माल महाग होतो, तयार तार बाहेरून येऊ शकते. केबलवाल्याला स्वस्त तार हवीच असते, त्यामुळे एकाच इस्टेटमधल्या दोन शेडची मतं इथे जुळत नाहीत.

पुढे माल आणखी एक पायरी सरकला, तारेपासून केलेल्या वस्तूंकडे. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के शुल्क लावलं, त्यात तार होती, खिळे नव्हते. २०२० मध्ये खिळे आणि स्टेपलही आत घ्यावे लागले. जून २०२५ मध्ये दर ५० टक्क्यांवर गेला. भारताचं एप्रिल २०२५ चं १२ टक्क्यांचं सुरक्षा शुल्क फक्त सपाट पोलादावर (पत्रे, कॉइल) होतं, रॉड आणि तार बाहेर. १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण लागू झालेल्या युरोपच्या कार्बन शुल्काच्या (माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरच्या आयात आकारणीच्या) मूळ यादीत तार आहे, पण तीच तार पिळून दोर केला (७३१२) किंवा तोडून खिळे केले (७३१७), तर ते त्या यादीत नाहीत.