८:४४ आणि एक मूळ संख्या

१९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. मुंबईकर ही वेळ ऐकून आधी विचारेल, फास्ट की स्लो? दादरच्या पुलावर तेव्हा पाय ठेवायला जागा नसेल. नेमक्या त्याच क्षणी जुन्या ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ साठीचं एक घर) संगणकी घड्याळांची वही भरेल. १९७० च्या १ जानेवारीपासून (ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून) मोजलेले सेकंद तेव्हा २,१४,७४,८३,६४७ झालेले असतील. दुरुस्ती केली नसेल, तर पुढच्या सेकंदाला ते घड्याळ थेट डिसेंबर १९०१ दाखवेल.

३२ पैकी एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हाला जातो. उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात, वजा १. आणि ती मूळ संख्या आहे! संगणकवाल्यांनी ती त्यासाठी निवडली नव्हती, निव्वळ योगायोग. १६ बिटांची मर्यादा ३२,७६७. तिला ७ ने भाग जातो. ६४ बिटांच्या मर्यादेलाही जातो. तिथले घातांक १५ आणि ६३, दोन्ही ३ च्या पटीतले, म्हणून ७ (२ चा ३ रा घात वजा १) आपोआप अवयव होतो. ३१ स्वतःच मूळ, त्यामुळे ही वाट बंद. अर्थात घातांक मूळ असला की काम फत्ते, असंही नाही: ११ घेतला तर २,०४७ मिळतात, म्हणजे २३ गुणिले ८९.

मग खात्री कशी करायची? १७७२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने ती केली, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. सरळ मार्गाने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. त्या जवळपास ४,८०० भरतात. पण या संख्येला मूळ अवयव असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरते. एवढ्या एका चाळणीने उमेदवार ३७३ वर येतात, आणि त्यांतल्याही मूळ नसलेल्या संख्या गाळता येतात. मला यातली हुशारी भागाकारांत नाही, न केलेल्या भागाकारांत दिसते.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून ठेवलं, की या मूळ संख्येवरून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (परिपूर्ण म्हणजे स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेएवढी) मोठी परिपूर्ण संख्या शोधायला बहुधा कोणी जाणार नाही, कारण असल्या संख्या निव्वळ कुतूहलाच्या, उपयोग शून्य. पण १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ ल्युकाने एक ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं. उपयोगाचं उत्तर मात्र संगणकाने दिलं.

कोणतीही छोटी संख्या घ्या, १६,८०७ ने गुणा, आपल्या संख्येने भागा, बाकी ठेवा, पुन्हा तेच. हाउझीच्या पिशवीतून काढल्यासारखे आकडे येत राहतात, आणि १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय कोणतीच परत येत नाही. भाजक मूळ नसता तर हे जमलं नसतं. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर या संगणकशास्त्रज्ञांनी, असे यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) आकडे बनवताना निदान एवढा दर्जा तरी हवा, म्हणून ही रीत सुचवली, सोबत तपासणीही दिली: १ पासून सुरुवात करून दहा हजार पायऱ्यांनंतर १,०४,३६,१८,०६५ यायला हवेत. नाही आले, तर प्रोग्रॅम चुकलाय.