पेट्रोलचा सोशिकपणा

कराडजवळ हायवेच्या पंपावर भाच्याने गाडी लावली, चावी काढली आणि मला विचारलं, "मामा, पुण्यात शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. ते टाकलं तर अजून पळंल का हो?" गाडी जुनी, पण जर्मन, दोन दारांची, टर्बोवाली, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारी. कितीतरी वर्षं पैसे साठवून घेतलेली. मी म्हटलं, आधी टाकीचं झाकण उघड. आतल्या बाजूला स्टिकर होता : किमान ९५.

शंभर म्हणजे जास्त ताकद, असा समज पंपावर रोज ऐकू येतो. ९१ काय, ९५ काय किंवा १०० काय, लिटरमागे मिळणाऱ्या उष्णतेत नाव घेण्यासारखा फरक नसतो. किती दाब आणि किती उष्णता सोसूनही पेट्रोल आपण होऊन पेट घेत नाही, हे तो आकडा सांगतो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा सोशिकपणा.

सायकलला हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते. हवा दाबली की तापते. दहाला एक एवढा कॉम्प्रेशन रेशो असलेल्या, म्हणजे मिश्रण एक दशांश जागेत दाबणाऱ्या इंजिनात पिस्टन वर येईपर्यंत हवा-पेट्रोलचं मिश्रण साधारण साडेतीनशे-चारशे अंशांपर्यंत तापलेलं असतं. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते. पुढचं चित्र आपल्या भागात कुणालाही समजेल. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवतात, तेव्हा एका बांधाकडून लावलेली आग रांगेने पुढे सरकते. सिलिंडरमध्येही ज्वाळा अशीच प्लगपासून कडेकडे सरकत जाते, सेकंदाला वीस-तीस मीटर वेगाने. पण जळालेला वायू फुगतो आणि कोपऱ्यात उरलेल्या, अजून न पेटलेल्या मिश्रणाला आणखी दाबतो, आणखी तापवतो. ज्वाळा पोचायच्या आधीच त्या कोपऱ्याने एकदम पेट घेतला, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर सेकंदाला हजारो वेळा आदळतात. यालाच नॉकिंग म्हणतात. मेकॅनिक म्हणतो, "इंजिन ठोकतंय."

आवाज हा त्यातला लहान भाग. एरवी सिलिंडरच्या धातूला चिकटून वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो आणि तोच धातूला आतल्या होळीपासून वाचवतो. नॉकिंगच्या लाटा तो थर पुसून टाकतात. मग उष्णता थेट पिस्टनमध्ये शिरते, त्याच्या कडा झिजतात, वितळतात, रिंगा तुटतात. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चौथ्या गिअरमध्ये, इंजिन कण्हत असताना चढवणं म्हणूनच वाईट. भार मोठा आणि फेरे कमी असले की कोपऱ्यातल्या मिश्रणाला पेटायला सवड मिळते. गिअर उतरवला की ती सवड संपते.

हा सोशिकपणा मोजायची पट्टी १९२० च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी दोन द्रवांवर उभी केली. एक हेप्टेन. त्यात सात कार्बन अणूंची सरळ साखळी असते, ती उष्णतेने चटकन तुटते. त्याला शून्य गुण. दुसरं आयसो-ऑक्टेन. त्याचे आठ कार्बन फांद्या फुटल्यासारखे घट्ट गोळा झालेले असतात आणि सहजी दाद देत नाहीत, त्याला शंभर. गंमत म्हणजे शुद्ध हेप्टेन तेव्हा कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन झाडाच्या राळेतून मिळायचं. चालू असतानाच कॉम्प्रेशन बदलता येतं अशा एका सिलिंडरच्या इंजिनात पेट्रोल तपासतात. ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकंच ते ठोकलं, तर ते पेट्रोल ९५ चं.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून भाचा म्हणाला, "तिथं तर साधं पेट्रोल ८७ चं असतं!" पण त्यांच्या पंपावर दोन चाचण्यांची सरासरी लिहितात : एक रिसर्च चाचणी, जिचा आकडा आपल्याकडे लिहितात, आणि दुसरी, जास्त कडक, मोटर चाचणी. त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. तिकडचं ९३ आपल्या ९८ च्या जवळ जातं.

सोशिकपणा वाढवायचा सोपा रस्ता १९२१ मध्ये थॉमस मिजली यांना सापडला : पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. त्याने इंजिनं वाचली आणि जगभरच्या मुलांच्या रक्तात, मेंदूत शिसं गेलं. भारतात ते २००० साली बंद झालं. माझ्या लहानपणी एसटी स्टँडबाहेर गाड्यांच्या धुरात आम्ही तासन् तास उभे असायचो. त्याची आठवण आली की आजही वाईट वाटतं.

आता तेच काम इथेनॉल करतं आणि ते आपल्या शिवारातून येतं. रेठऱ्याचा कृष्णा असो की साखराळ्याचा राजारामबापू, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल बनतं. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा जवळपास अडीचपट उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड होते. टर्बोच्या इंजिनाला हे मोठं वरदान आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला आपल्याकडे किमान ९५ चं मानक आहे, ते याच्याच जोरावर. मात्र इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हणजे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी, आणि मायलेजमध्ये ते जाणवतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलला टिकतील का, हा ऑक्टेनपेक्षा वेगळा प्रश्न आहे. आम्ही नळ्या तपासून घेतल्या.

मग शंभरचं कुणासाठी? आजच्या इंजिनावर नॉक सेन्सर असतो. ठोका ऐकू आला की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, ठिणगीची वेळ मागे सारतो. पोर्शे ९११ सारखी गाडी ९८ ची शिफारस करते, पण ९५ वर स्वतःला सावरून घेते. थोडी ताकद तेवढी जाते. अशा इंजिनाला चढं ऑक्टेन दिलं, तर गेलेली ताकद परत मिळते. ९१ वर खूश असलेल्या साध्या गाडीत शंभरचं ओतून काहीच मिळत नाही. ज्यांनी ईसीयू रिमॅप करून, म्हणजे त्यातल्या सूचना बदलून, टर्बोचा दाब वाढवलाय, त्यांनी मात्र झाकणावरचा आकडा विसरावा आणि रिमॅप करणाऱ्याला विचारावं. भाच्याची गाडी कंपनीतून आली तशीच आहे. पंपावर ९५ होतं, तेच भरलं.

एक गोष्ट मी त्याला बजावून सांगितली. अशा गाड्या पावसाळ्यात महिनोन्महिने शेडमध्ये उभ्या राहतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. थोडं पाणी ते सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन त्याच्यासोबत गेलेला असतो, आणि फ्युएल पंप आधी तळातलंच खेचतो. टाकी अर्धी रिकामी असेल, तर दमट हवेला जागाही जास्त. आता तो मेअखेरीला टाकी काठोकाठ भरतो आणि पावसाने उघडीप दिली की यवतेश्वरापर्यंत जाऊन येतो, घाटात तिसऱ्या गिअरमध्ये.