पार्श्वभूमी : मास्क धुऊन वापरायचा की ठेवून वापरायचा?

कोरोनाच्या दोन वर्षांत ‘पुन्हा वापरता येणारा मास्क’ हा शब्दप्रयोग दोन निराळ्या वस्तूंना सरसकट लागला. कापडी मास्क धुऊन पुन्हा वापरायचा असतो. एन-९५ कधीच न धुता, काही दिवस मोकळा ठेवून, मोजक्या वेळा वापरायचा असतो. सोलापुरात बऱ्याच घरांत झाले ते उलटे. कापडी मास्क दारामागच्या खिळ्याला आठवडाभर तसाच लटकत राहिला आणि महागाचा म्हणून एन-९५ साबणाच्या पाण्यात घुसळून निघाला. हा गोंधळ केवळ निष्काळजीपणाचा नव्हता, त्यामागे सूचनांचाही इतिहास आहे.

मुळात पुनर्वापर नवा नव्हे. १९१०-११ च्या मांचुरियातील प्लेगमध्ये गॉजच्या घडीत कापूस घालून मास्क बांधले गेले. पुढे कित्येक दशके शस्त्रक्रियागृहातले कापडी मास्क धुऊन, ऑटोक्लेव्हमध्ये वाफवून पुन्हा वापरले जात. एकदा वापरून टाकायचे मास्क रुळले ते १९६०च्या दशकात.

मार्च २०२० च्या अखेरीस घरगुती मास्कबद्दल केंद्राची पुस्तिका आली. सुती कापडाचे दोन थर आणि माणशी दोन मास्क, म्हणजे एक तोंडावर असताना दुसरा धुण्यात. कोमट पाण्यात साबणाने धुऊन किमान ५ तास कडक उन्हात वाळवायचा. ऊन नसेल तर कुकरमध्ये मीठ घातलेल्या पाण्यात १० मिनिटे, कुकर नसेल तर साध्या भांड्यात १५ मिनिटे उकळायचा. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडून तीन थरांची शिफारस आली. आत पाणी शोषणारे सुती, मध्ये पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे न विणलेले कापड आणि बाहेर पाणी न शोषणारे पॉलिस्टरमिश्रित कापड.

सोलापूरला उन्हाची ददात नव्हती. अडचण होती पाण्याची. तीन-चार दिवसांआड नळ येणाऱ्या घरात ‘रोज धुवा’ ही सूचना पाळायची तर त्यासाठी पाणी बाजूला काढून ठेवावे लागते. दोन-तीन मास्कना एक लिटर साबणपाणी आणि खळबळायला तेवढेच दोनदा, असे तीन लिटर पुरतात. पण बोअरच्या जड पाण्यात फेस होत नाही, साबणाची साय थरात अडकते आणि वाळल्यावर कापड कडक होऊन श्वास जड होतो. सूचना लिहिताना हा हिशेब कोणीतरी मांडायला हवा होता.

दुसरी गोष्ट कापडाची. शाळा बंद झाल्याने गणवेशाचे टेरिकॉट पडून होते, त्याचेही मास्क शिवले गेले. टेरिकॉट बाहेरच्या थराला उत्तम, पण आतल्या थराला वाईट, कारण ते घाम शोषत नाही. ४० अंशांच्या पुढच्या उन्हात आतून ओला झालेला मास्क तासाभरात नाकाखाली ओढला जातो. टेरी टॉवेलचे कापड याच्या उलट. ते घाम पिते आणि धरून ठेवते, त्यामुळे ओले होऊन जड पडते. इलॅस्टिक वारंवार उकळल्याने सैल होते. मग कानाशी गाठ मारतात, मास्क एका बाजूला खेचला जातो आणि गालाशी फट राहते. नाडीचे मास्क म्हणूनच जास्त टिकले.

खरा गुंता झाला २० जुलै २०२० च्या पत्राने. केंद्रातून राज्यांना कळवण्यात आले की व्हॉल्व्ह असलेला एन-९५ विषाणू बाहेर पडणे रोखत नाही. मुद्दा रास्त होता. तो व्हॉल्व्ह श्वास सोडताना उघडतो आणि हवा न गाळताच बाहेर जाते. पण त्याच पत्रात सर्वसामान्यांकडून होणाऱ्या एन-९५च्या अयोग्य वापराबद्दलही नाराजी होती आणि घरगुती मास्कच्या जुन्या सूचनेची आठवणही. वाचणाऱ्यांनी दोन अर्थ काढले. एक, एन-९५ घातकच. दुसरा, मास्क म्हटला की रोज धुवायचा. व्हॉल्व्हवरचा आक्षेप सगळ्या एन-९५वर गेला आणि कापडाची सूचना एन-९५ला चिकटली. पत्रात दोन ओळी वेगळ्या लिहिल्या असत्या तर बरेच टळले असते.

एन-९५ धुतल्याने काय बिघडते? त्याच्या मधल्या थरातील अतिसूक्ष्म तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो. जाळी जितके अडवते त्याहून बरेच अधिक हा भार खेचून धरतो. साबण आणि विशेषतः अल्कोहोल तो भार घालवतात. मास्क दिसायला स्वच्छ आणि श्वासाला हलका होतो, म्हणून चांगलाच वाटतो. इस्त्रीची गत तीच. सुती कापडाच्या इस्त्रीचे तापमान २०० अंशांच्या आसपास जाते आणि एन-९५चे तंतू ज्याचे असतात ते पॉलिप्रॉपिलीन १६० च्या सुमारास वितळते. घरगुती मास्कच्या पुस्तिकेत इस्त्रीही सांगितली होती, पण ती फक्त सुतीसाठी होती.

एन-९५ची योग्य पद्धत अशी : पाच मास्क, पाच कागदी पिशव्या, पिशव्यांवर १ ते ५ आकडे. आज पहिला, उद्या दुसरा, सहाव्या दिवशी परत पहिला. प्लास्टिकची पिशवी नको, दमटपणा आत कोंडतो. साधारण पाच वेळा घातल्यावर पट्टा ढिला पडतो.

कागदी पिशवीचाही घोळ झालाच. कचऱ्याच्या नियमात वापरलेला मास्क कापून ७२ तास कागदी पिशवीत ठेवून मग टाकायला सांगितले होते. पिशवी तीच, पण एक वापरासाठी, दुसरी फेकण्यासाठी. कापण्याचा हेतूच कोणी उचलून पुन्हा वापरू नये हा होता.

ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने कमाल दर ठरवले. एन-९५ १९ ते ४९ रुपये, एकदा वापरून टाकायचे दुपदरी आणि तीनपदरी ३ ते ४ रुपये. तरीही चार रुपयांचा मास्क आठवडाभर, उलटून सुलटून वापरला गेला. मे २०२१ मध्ये दुहेरी मास्कची सूचना आली तेव्हा एकच मास्क सलग दोन दिवस नको, असेही त्यात होते. ते फार थोड्यांपर्यंत पोचले. नोव्हेंबर २०२१ च्या राज्याच्या आदेशात रुमाल म्हणजे मास्क नव्हे, तो बांधणाऱ्याला दंड होईल, असे स्पष्ट झाले. दीड वर्षापूर्वी घरातला रुमाल किंवा उपरणे चालेल असे सांगितले होते, तेव्हा उन्हासाठी तोंडाला पांढरा रुमाल बांधणाऱ्यांना हा बदल पटणे अवघडच होते.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यात मास्कची सक्ती उठली. तेव्हाचे एन-९५ कपाटात असतील तर आधी पट्टा ताणून पाहा. रबर तडकलेले, नाकाजवळचा स्पंज भुगा होणारा किंवा एकदा जरी धुतलेला मास्क असेल तर तो कापून टाकावा. कापडी मास्क मात्र शिवण शाबूत असेल तर धुऊन आजही चालतो.