झाडाशिवाय ओळख अपुरी

दक्षिण प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाच्या मुख्य बेटावर सुमारे एक तृतीयांश जमीन निकेलसारख्या जड धातूंनी भरलेली आणि स्फुरदाला पारखी आहे. तिथल्या निकेल खाणींच्या परिसरात, खुरट्या झुडपी रानात, चँटरेल नावाची चकचकीत पिवळी मशरूम उगवतात. 2004 मध्ये संशोधकांनी त्यांची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद केली: कँथॅरेलस गार्निएरी.

चँटरेल हे मशरूम ओळखणं तसं सोपं. छत्रीखाली पातळ, सुटे पडदे नसतात; बोथट, फाटे फुटलेल्या शिरा देठावर उतरत गेलेल्या असतात. अडचण येते ती प्रजाती ठरवताना. पावसात रंग फिका पडतो, वयानुसार आकार बदलतो. त्यामुळे कितीतरी वर्षं जगभरातल्या पिवळ्या चँटरेलना युरोपातल्या कँथॅरेलस सिबॅरियसचंच नाव चिकटवलं जाई. बीजाणूंची मापं घेऊनही जवळच्या प्रजाती नेहमी वेगळ्या काढता येत नाहीत. बुरशीच्या ओळखीसाठी सर्रास वापरला जाणारा डीएनएचा तुकडा अनेक चँटरेलमध्ये फार लांब असतो, तो नीट वाचता येत नाही. म्हणून अभ्यासक दुसऱ्या जनुकांचा आधार घेतात.

माझ्या मते, या सगळ्याइतकीच मोलाची नोंद झाडाची. चँटरेल कुजक्या लाकडावर जगत नाही. तिचे तंतू जिवंत झाडाच्या कोवळ्या मुळांच्या टोकांना वेढतात, मातीतलं पाणी आणि स्फुरद झाडाला पुरवतात आणि बदल्यात साखर घेतात. अर्थात, मशरूम ज्या झाडाखाली दिसलं तेच त्याचं झाड, असं मिश्र रानात धरून चालत नाही. शेजारच्या झाडाची मुळंही तिथवर पोचलेली असतात. खात्री हवी तर मुळाचं टोक उकरून त्यावरच्या बुरशीचा डीएनए मशरूमशी ताडून पाहावा लागतो.

कॅरिबियन बेटांवर झाडाच्या या नोंदीचं महत्त्व दिसलं. तिथे किनाऱ्यावरच्या सी-ग्रेप झाडांखाली येणाऱ्या लालसर चँटरेलला उत्तर अमेरिकेच्या जंगलांतल्या कँथॅरेलस सिनाबारिनसचं नाव दिलं जात होतं. सी-ग्रेप हे कोकोलोबा वंशातलं उष्ण किनाऱ्यांवरचं झाड. सिनाबारिनस मात्र ओकसारख्या वृक्षांची सोबती. 2016 मध्ये बेटांवरची चँटरेल कँथॅरेलस कोकोलोबी या नावाने वेगळी झाली. त्याच अभ्यासात ती आणि प्रशांत महासागरातली, निकेलच्या मातीतली पिवळी गार्निएरी एकाच उपवंशात, म्हणजे कँथॅरेलस वंशाच्या एकाच शाखेत, ठेवली गेली. दोघींच्या मधे अर्धी पृथ्वी आहे, सोबतची झाडंही निराळी आहेत.