इतिहास-परिभाषा (बेळगाव सीमाभाग)

भूतकाळातील सत्ता, हक्क, कालगणना आणि स्थित्यंतरे नेमकेपणाने सांगण्यासाठी अभ्यासात रूढ झालेली शब्दावली. कर्नाटकाच्या सीमाभागातील बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी अभ्यासकाला ती अधिक सावधपणे वापरावी लागते. कारण येथील तेराव्या शतकारंभीचे रट्ट राजघराण्याच्या काळातील शिलालेख कन्नडमध्ये, पेशवाईचे दफ्तर फारसी शब्दांनी भरलेल्या मोडी मराठीत आणि कंपनी सरकारचे अहवाल इंग्रजीत आहेत.

पहिली अडचण कालगणनेची. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. मराठी कागदांतील सुहूर सन ही कालगणना मृग नक्षत्रापासून सुरू होतो आणि अरबी संख्यावाचकांनी लिहिला जातो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६१. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवावयाचे असल्याने पानिपतचा जानेवारी १७६१ याच सनात पडतो. हे गणित न येणाऱ्याच्या हाती मोडी कागद वाचूनही तारीख लागत नाही.

देसाई, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हे शब्द आज आडनावे वाटतात. जुन्या कागदांत ते वतनाचे, म्हणजे वंशपरंपरागत अधिकाराचे व त्याबरोबरच्या उत्पन्नाचे वाचक असतात. परगणा (अनेक गावांचा महसुली विभाग) व कुलकर्णी वतने मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने रद्द झाली. इनाम हा शब्दही येथे बक्षीस या अर्थाने घेतला, तर इनाम जमिनीचा सारा (सरकारी महसूल) माफ होता की कमी होता, हा मूळ प्रश्नच निसटतो.

घटनेला दिलेले नाव लिहिणाऱ्याची बाजूही उघड करते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा १८२४ मधील लढा कंपनीच्या लेखी बंड होता. आज त्याला उठाव म्हणतात. चन्नम्मांचे सहकारी संगोळी रायण्णा यांना १८३१ मध्ये नंदगड येथे फाशी देण्यात आली, त्या प्रसंगालाही हेच लागू पडते.

सर्वाधिक घोटाळा अलीकडच्या काळाविषयी होतो. ‘१९५६ साली बेळगाव महाराष्ट्रातून कर्नाटकात गेले’ हे बोलण्यात सर्रास येणारे वाक्य दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे: १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा (चंदगड तालुका वगळून) मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये स्थापन झाले आणि म्हैसूरचे कर्नाटक हे नामांतर १९७३ मधले. या बदलाला राज्यपुनर्रचना म्हणावे, विलीनीकरण नव्हे. विलीनीकरण हा शब्द संस्थानांसाठी राखीव असून, बेळगावला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात असल्यामुळे ते १९४८ च्या विलीनीकरणाने मुंबई प्रांतात आले, तर शेजारचे बेळगाव शहर आधीपासूनच ब्रिटिश मुलखात होते. हाकेच्या अंतरावरील दोन वस्त्यांसाठी म्हणूनच दोन वेगळे शब्द लागतात.

१ नोव्हेंबर हा दिवस सीमाप्रश्नाच्या चळवळीत ‘काळा दिन’, तर कन्नड भाषकांत ‘राज्योत्सव’ म्हणून पाळला जातो. नोंद करताना कोण काय म्हणते हे सांगून दोन्ही संज्ञा द्याव्यात. बेळगावी हे नाव २०१४ मध्ये अधिकृत झाले असल्याने, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालील १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाविषयीचे कागद उद्धृत करताना त्यांतील मूळ स्थलनाव बदलू नये.