इंग्रजी लेखनातील शब्दप्रयोगांची मान्यता

बोलण्यात रुळलेला किंवा नव्याने आलेला शब्दप्रयोग छापील इंग्रजीत बिनदिक्कत चालू लागण्याची प्रक्रिया. मराठीला १९६२ सालचे शासनमान्य शुद्धलेखनाचे नियम आहेत, फ्रेंचला भाषेवर लक्ष ठेवणारी अकादमी आहे. इंग्रजीला यातले काहीच नाही. भाषा स्थिर करण्यासाठी विद्वानांचे मंडळ नेमावे, असे लेखक जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये सुचवले, पण ते बारगळले. ‘मॉब’ या ज्या शब्दावर त्याचा राग होता, तो आज कोणीही लिहितो. भाषेला बांध घालता येत नाही, हे कोशकार सॅम्युअल जॉन्सनने आपल्या १७५५ च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत मान्यच केले.

त्यामुळे निकाल वापरानेच लागतो. कोशकार छापील उदाहरणे जमवतात. एखादा शब्द बराच काळ, अनेक ठिकाणी, ठरावीक अर्थाने आढळला की त्याची नोंद होते. मात्र हे वाचकांना नेहमी रुचत नाही. १९६१ साली वेबस्टरच्या कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीने ‘एन्ट’ (ain’t, ‘इज नॉट’चे बोलीतले रूप) यासारख्या शब्दांबाबत सैल धोरण घेतले, तेव्हा अमेरिकेत गदारोळ झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९३४ च्या जुन्या आवृत्तीलाच चिकटून राहायचे ठरवले. याच नाराजीतून १९६९ मध्ये ‘अमेरिकन हेरिटेज’ कोश निघाला. त्यात वादग्रस्त प्रयोगांवर लेखक-पत्रकारांच्या मंडळाचा कौल घेतलेला असे.

‘होपफुली’चे प्रकरण या सगळ्यात बोलके आहे. या क्रियाविशेषणाचा जुना अर्थ ‘आशेने’. ‘होपफुली, इट विल रेन’ म्हणजे ‘पाऊस पडेल अशी आशा आहे’, हा वापर १९६० च्या दशकात अमेरिकेत बोकाळला आणि शुद्धतावादी तुटून पडले: पाऊस आशेने कसा पडेल? खरे तर ‘फ्रँकली’, ‘फॉर्च्युनेटली’ हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला नेमके असेच येतात आणि त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. आक्षेपात व्याकरणापेक्षा नावीन्याची चीडच जास्त होती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१२ मध्ये या वापरावरची आपली बंदी उठवली, तोवर वाचकांना त्यात खटकण्यासारखे फारसे उरले नव्हते.

एकवचनी ‘दे’ (they, एरवी ‘ते/त्या’ या अर्थाचे अनेकवचनी सर्वनाम) याची गोष्ट उलटी. व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठाऊक नसताना ‘दे’ वापरण्याची रीत चौदाव्या शतकापासूनची. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतही ती सापडते. अठराव्या शतकापासून व्याकरणकारांनी ती चुकीची ठरवली. १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने तर कायद्यांच्या भाषेत पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरल्या जातील, असे ठरवून टाकले. लोक बोलताना ‘दे’ म्हणतच राहिले. असोसिएटेड प्रेसने २०१७ मध्ये त्याला मर्यादित परवानगी दिली आणि २०१९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेने, जी जगभरचे संशोधक पाळतात, त्याची शिफारस केली. म्हणजे येथे नवे काही शिरले नाही, जुन्यावरची बंदी तेवढी गेली.

तंत्रज्ञानाच्या शब्दांना एवढी वाट पाहावी लागत नाही. असोसिएटेड प्रेसनेच २०११ मध्ये ‘ईमेल’मधली जोडरेघ काढली आणि २०१६ मध्ये ‘इंटरनेट’चे मोठे आद्याक्षर लहान केले.

कोशात प्रवेश म्हणजे मान्यता नव्हे. ‘इररिगार्डलेस’ (‘रिगार्डलेस’ म्हणजे ‘पर्वा न करता’, याच अर्थाचा शब्द) वेबस्टरच्या कोशात १९३४ पासून आहे. त्याच्यापुढची ‘अप्रमाण’ ही खूण अजून कायम आहे आणि बहुतेक संपादक तो दिसला की कापतात.