यूएक्स व्यवसाय : वेतन व मनुष्यबळ

संगणकप्रणाली, मोबाइल अ‍ॅप, यंत्र किंवा सेवा वापरताना माणसाला येणाऱ्या अनुभवाचा अभ्यास व आखणी करणाऱ्यांचा व्यवसाय. ‘यूजर एक्स्पीरियन्स’ या नावाचा ‘यूएक्स’ हा संक्षेप रूढ आहे. ‘वापरकर्ता-अनुभव’ हा मराठी प्रतिशब्द लेखी मजकुरात दिसतो. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत मात्र यूएक्सच चालते. आयएसओ ९२४१-२१० (२०१०, सुधारित २०१९) या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वस्तू, प्रणाली वा सेवेच्या वापरातून, किंवा तो वापर होणार या अपेक्षेतून, माणसाच्या मनात उमटणाऱ्या जाणिवा व प्रतिसाद म्हणजे वापरकर्ता-अनुभव. ही व्याख्या अनुभवाची आहे, व्यवसायाची नव्हे. वैद्यक, वकिली किंवा वास्तुकला यांत परवाना वा नोंदणी लागते. येथे तशी कोणतीही परिषद नाही. सबब या क्षेत्रात माणसे किती आणि त्यांना मिळते किती, याचे उत्तर मोजताना कोणाला आत घेतले यावरच बव्हंशी ठरते.

उगमाचा वाद : व्यवसायाचा आरंभ कधी धरावा याविषयी तीन मते आढळतात. पहिल्या व सर्वाधिक प्रचलित मतानुसार आरंभ १९९३ मध्ये झाला. त्या वर्षी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन अ‍ॅपल कंपनीत रुजू झाले आणि तेथे त्यांनी ‘यूजर एक्स्पीरियन्स आर्किटेक्ट’ हे पदनाम घेतले. पदनामात हे शब्द येण्याचा हा बहुधा पहिला दाखला. ‘ह्यूमन इंटरफेस’ व ‘यूजेबिलिटी’ हे शब्द तोकडे वाटल्याने आपण नवा शब्द काढला, असे नॉर्मन यांनी पुढे सांगितले. सुटा शब्दप्रयोग म्हणून ‘यूजर एक्स्पीरियन्स’ त्याआधीच्या तांत्रिक लेखनातही सापडतो. तेव्हा श्रेय द्यायचेच तर ते शब्दाच्या निर्मितीचे नव्हे, पदनामाचे.

दुसरे मत माहितीच्या रचनाकारांचे. अमेरिकी वास्तुविशारद रिचर्ड सॉल वुर्मन यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास ‘माहितीची वास्तुकला’ (माहिती सहज सापडेल व समजेल अशी तिची रचना) ही कल्पना पुढे आणली. १९९०नंतर संकेतस्थळांचे पेव फुटले, तेव्हा ग्रंथालयशास्त्र, संपादन व आलेख्यकलेतून आलेल्यांनी तिला व्यवसायाचे रूप दिले. या मताचे महत्त्व उगमापेक्षा भरतीच्या दृष्टीने अधिक आहे. त्याचा संदर्भ पुढे स्त्री-पुरुष प्रमाणाच्या विवेचनात येईल.

तिसरे मत आरंभ आणखी मागे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेते. बी-१७ बॉम्बर विमानात चाके आणि फ्लॅप (पंखांच्या हलत्या झडपा) यांची बटणे शेजारी व एकसारखी असल्याने वैमानिक जमिनीवर उतरल्यावर भलतेच बटण दाबत. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपानिस यांनी हे हेरले आणि स्पर्शाने ओळखू येतील अशा वेगवेगळ्या आकारांच्या मुठी सुचवल्या. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, बेल लॅबोरेटरीजने जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाला नोकरीवर घेतले. दूरध्वनी वापरणाऱ्या माणसाचा पद्धतशीर अभ्यास करणारा, खासगी कंपनीने पगार देऊन ठेवलेला विभाग तेथे आकारास आला. १९६३ मध्ये बाजारात आलेल्या बटणांच्या दूरध्वनीवरील आकड्यांची मांडणी याच विभागाच्या प्रयोगांतून ठरली. १, २, ३ वरच्या ओळीत ठेवणारी ती मांडणी आजही प्रत्येक मोबाइलवर आहे. (कॅल्क्युलेटरवर मात्र ७, ८, ९ वर असतात, ही विसंगती अद्याप कोणी मिटवलेली नाही.)

व्यवसाय पदनामावरून ओळखायचा की कामावरून, हा या वादाचा गाभा. कामाचा निकष लावल्यास तिसरे मत अधिक सयुक्तिक ठरते. त्याला एक दुय्यम आधारही आहे. संगणक व माणूस यांच्यातील व्यवहाराचा अभ्यास करणारा ‘सिगकाय’ हा गट १९८२ मध्ये स्थापन झाला. ‘यूजेबिलिटी प्रोफेशनल्स असोसिएशन’ ही व्यावसायिकांची संघटना १९९१ मध्ये, म्हणजे नॉर्मन यांच्या पदनामाच्या दोन वर्षे आधीच उभी होती. तिने नावात ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द घेतले ते थेट २०१२ मध्ये. जन्मापूर्वीच संघटना असणारा व्यवसाय मानण्यापेक्षा जुन्या व्यवसायाला नवे नाव मिळाले असे मानणे सोपे.

संख्या व वयोरचना : जागतिक संख्येचा वारंवार उद्धृत होणारा अंदाज याकोब नील्सन यांचा आहे. त्यांनी १९९८ मध्ये नॉर्मन यांच्यासमवेत नील्सन नॉर्मन ग्रुप ही सल्लागार संस्था स्थापन केली. २०१७ मध्ये त्यांनी मांडलेल्या आकड्यांनुसार १९५० मध्ये जगात या कामाची सुमारे १० माणसे होती, १९८३ मध्ये सुमारे १,००० आणि २०१७ मध्ये सुमारे १० लाख. २०५० पर्यंत १० कोटींचे भाकीतही त्यांनी केले. हे आकडे शिरगणतीचे नव्हेत, केवळ परिमाण दाखवणारे आहेत. १९५० हा त्यांचा आरंभबिंदू वरील तिसऱ्या मताशी जुळतो.

तरीही या आकड्यांतून वयोरचनेविषयी एक अनुमान निघते. १९८३ ते २०१७ या ३४ वर्षांत हजारपट म्हणजे वर्षाला सुमारे २२ ते २३ टक्के चक्रवाढ वाढ. या वेगाने संख्या सुमारे साडेतीन वर्षांत दुप्पट होते. म्हणजेच त्या काळात कोणत्याही वर्षी पाहिले असते, तर निम्म्याहून अधिक माणसांचा या क्षेत्रातील अनुभव साडेतीन वर्षांच्या आत भरला असता. कोणी व्यवसाय सोडत असेल तर नवख्यांचा वाटा आणखी मोठा. दहा वर्षे काढलेला माणूस ‘ज्येष्ठ’ ठरतो आणि त्याच्या पगाराचा आकडा एकदम उडी घेतो, याचे मूळ बऱ्याच अंशी या गणितात आहे. अनुभव कोवळा असला, तरी वय तितके कोवळे नसते. मानसशास्त्र, तांत्रिक लेखन, मुद्रण, प्रोग्रॅमिंग अशा दुसऱ्या कामांत काही वर्षे घालवून इकडे वळलेले अनेक असतात. बहुतेकांकडे पदवी असते, पण ती कोणत्याही एका विषयाची नसते, हे व्यावसायिक सर्वेक्षणांत पुनःपुन्हा आढळले आहे.

वाढीचा वेग कायम राहील हे गृहीतक २०२२च्या अखेरीस डळमळले. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ११,००० व मार्च २०२३ मध्ये आणखी १०,००० पदे कमी करण्याची घोषणा केली; गूगलने जानेवारी २०२३ मध्ये १२,००० पदांची. यूएक्स, त्यातही संशोधनाचे गट, या कपातीतून सुटले नाहीत. भरती थांबली की वरील गणित उलटे फिरते : आधी आलेले वर सरकतात आणि खालून नवे येत नाहीत. इंटरॅक्शन डिझाइनच्या व्यावसायिकांची जागतिक संघटना ‘आयएक्सडीए’ २०२४ मध्ये बंद झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

स्त्री-पुरुष प्रमाण : अमेरिकेत सॉफ्टवेअर विकसकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश आहे. यूएक्समध्ये ते निम्म्याच्या आसपास असल्याचे सर्वेक्षणे दाखवतात. एकाच मजल्यावर, एकाच उत्पादनावर काम करणाऱ्या दोन गटांतील हे अंतर मुख्यतः भरतीच्या वाटांमुळे पडते. मानसशास्त्राच्या अमेरिकी पदवीधरांत स्त्रिया सुमारे तीन-चतुर्थांश असतात आणि ग्रंथालयशास्त्रातही त्या बहुसंख्य आहेत. त्यामुळे संशोधन व मजकूरलेखनाच्या पदांवर स्त्रिया अधिक दिसतात. वर्णाच्या बाबतीत अमेरिकी डिझाइन क्षेत्र बहुतांशी गोरेच राहिले आहे.

वेतन : अमेरिकी श्रमसांख्यिकी विभागाच्या जुन्या वर्गीकरणात यूएक्सला स्वतंत्र स्थान नव्हते. २०१८च्या प्रमाण व्यवसाय वर्गीकरणात ‘वेब व डिजिटल इंटरफेस डिझायनर’ हा वर्ग (१५-१२५५) आला. मे २०२३च्या अंदाजानुसार त्याचे मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना अधिक असे) वार्षिक वेतन ९८,५४० डॉलर होते. हा आकडा यूएक्सचा म्हणून सर्रास उद्धृत होतो. तो सावधपणे वाचावा. या वर्गात व्हिडिओ गेमचे रचनाकारही येतात. उलट मानवी घटक अभियंते (यंत्रे माणसाच्या क्षमतांना जुळवून घेणारे) औद्योगिक अभियंत्यांत मोजले जातात, आणि यूएक्स संशोधक कधी बाजार-संशोधकांत जाऊन बसतो. स्वतंत्र व्यवसाय करणारे या पाहणीत नाहीत. कंपनीने दिलेले शेअर वेतनात धरले जात नाहीत; मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत ज्येष्ठांच्या मोबदल्याचा भरघोस हिस्सा तोच असतो.

खासगी सर्वेक्षणांत शेअर, बोनस सारे विचारले जाते, पण उत्तर देणारे स्वतःहून आलेले असतात. संघटनेचा सदस्य, परिषदांना जाणारा, इंग्रजी सफाईने वाचणारा माणूस त्यांत अधिक सापडतो. वेतनपारदर्शकतेच्या कायद्यांमुळे तिसरा मार्ग खुला झाला. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२१ पासून, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून आणि कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीत वेतनाची कक्षा देणे बंधनकारक आहे. काही कक्षा इतक्या ऐसपैस असतात की त्यांतून कायदा पाळला एवढेच कळते.

पदनामांची चलनवाढ हाही अडसर आहे. साधारणतः २०१०नंतर ‘यूएक्स डिझायनर’ची जागा अनेक ठिकाणी ‘प्रॉडक्ट डिझायनर’ने घेतली. काम पुष्कळसे तेच, पण वेतनाचे दोन तक्ते तयार झाले. ब्रिटनमध्ये स्थिती तुलनेने नेटकी आहे. तेथील सरकारी डिजिटल सेवेने (स्थापना २०११) ‘यूजर रिसर्चर’, ‘इंटरॅक्शन डिझायनर’, ‘कंटेंट डिझायनर’ ही पदे, त्यांच्या पायऱ्या व अपेक्षित कौशल्ये लिहून काढली. सरकारी जाहिरातीत पगार छापलेला असतो, त्यामुळे पायरी व पगार यांचा मेळ बाहेरच्यालाही घालता येतो.

भारत : भारतातील शिक्षणाची बैठक अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (१९६१) आणि पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्र, म्हणजे ‘आयडीसी’ (१९६९), यांनी घातली. मुंबईत सर ज. जी. उपयोजित कला संस्थेतून जाहिरात संस्थांत, तेथून संकेतस्थळांकडे आणि मग यूएक्सकडे, अशी एक जुनी वाटही आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठीचा ‘स्वरचक्र’ हा मोबाइल कळफलक आयडीसीतच घडला. असे काम करणारे मात्र गणनेत शिक्षक व संशोधक ठरतात.

राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण (२०१५) आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर बेतलेले आहे आणि नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात व्यवसायाची नोंद तीन अंकांपर्यंतच होते. त्यामुळे यूएक्स डिझायनर एक तर वास्तुविशारद, नगररचनाकार व भूमापकांच्या गटात (२१६) पडतो, नाहीतर सॉफ्टवेअर विकसकांच्या (२५१). मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदला गेलेला संशोधक २६३ या गटात जातो. तेथे त्याला धर्मोपदेशकांची सोबत असते.

वेतन भारतात ‘पॅकेज’ म्हणून, लाखांत सांगितले जाते. माहिती-तंत्रज्ञान सेवा कंपन्यांत नवोदितांचे पॅकेज दीर्घकाळ ३ ते ४ लाखांच्या घरात रेंगाळले. उत्पादन कंपन्यांत व परदेशी कंपन्यांच्या बंगळूर, पुणे, हैदराबाद येथील केंद्रांत ते याच्या कित्येक पट असू शकते. पॅकेजमध्ये मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा (मूळ वेतनाच्या १२ टक्के) आणि बहुधा उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, तरतूद (४.८१ टक्के) धरलेली असते. कायम नोकरीत उपदान मिळण्यास सामान्यतः सलग पाच वर्षे सेवा लागते. दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याच्या बाबतीत हा आकडा कागदावरच राहतो. डॉलरमधील वेतनाशी तुलना करताना बाजारातील ८० रुपयांवरचा दर लावला, तर भारतीय पगार फारच खुजा दिसतो. क्रयशक्तीच्या हिशेबाने डॉलर सुमारे २० ते २५ रुपयांचा भरतो.

अमेरिकेत जाणाऱ्या भारतीयांसाठी, आणि त्यांत मराठी मंडळी थोडी नाहीत, एच-१बी व्हिसाच्या नोंदी हे वेतनाचे उपयुक्त साधन आहे. मालकाला पदनाम, ठिकाण व वेतन कळवावे लागते आणि तेथील श्रम खाते हा तपशील प्रसिद्ध करते. देऊ केलेला पगार त्या भागातील प्रचलित वेतनापेक्षा कमी असता कामा नये. हे प्रचलित वेतन अर्जात नमूद केलेल्या व्यवसायवर्गाच्या चार पातळ्यांवरून ठरते. त्यामुळे तोच डिझायनर दुसऱ्या वर्गांकाखाली दाखवला, तर त्याच्या पगाराची किमान मर्यादाही बदलते.